आपल्या घराच्या पायव्यात काय पुरलंय?

"घर झालं म्हणतात, मग वास्तू कधी?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला ते मोजलं नाही. पण पहिला विचारणारा कोण होता ते पक्कं लक्षात आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना घेणारे काका. खिशाला पंचशील ध्वजाचा बिल्ला, हातात वंदनेचं पुस्तक, आणि तोंडात 'वास्तू'. मी म्हटलं, "काका, कुठली वास्तू?" तर म्हणाले, "म्हणजे आपलं ते, गृहप्रवेश. शब्दात काय आहे बाई, तू लगेच भांडाले उठतेस."

तर शब्दात काय आहे ते सांगायलाच बसले आहे. घर आमचंच आहे, चुकाही आमच्याच आहेत, त्यामुळे कुणी अंगावर ओढून घेऊ नये. आणि घेतलं तरी हरकत नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडे. वस्ती गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या काठी. आजोबांनी 1962 साली बांधलेलं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, तरी दोन-तीन ठिकाणी खाली गंज ठेवावाच लागायचा. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. बत्तीस वर्षं सरकीच्या धुळीत काढली आणि सगळ्या आयुष्यात एकच हट्ट धरला, स्लॅबचं घर. एप्रिल 2021 मध्ये कोरोनात ते गेले. त्यांचे थोडे पैसे, दादाच्या नावावरचं गृहकर्ज आणि माझ्या पगारातून जमेल तेवढं, असं करून या वर्षी फेब्रुवारीत आम्ही घर काढलं. 620 चौरस फूट. मिस्त्रीने मालासकट 1,700 रुपये फूट सांगितलं, म्हणजे साडेदहा लाखांच्या वर.

काम कधी सुरू करायचं? रविवारी, कारण दादाला सुट्टी. एवढाच आमचा मुहूर्त. कुदळ मारायच्या आधी त्रिशरण-पंचशील घेतलं, आईने बाबांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि खड्डे सुरू झाले. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

आमच्याकडची जमीन काळी. कापसाला चांगली, घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचं, तिथे फुटिंग भरायचं, कॉलम उभे करायचे आणि सगळे कॉलम प्लिंथ बीमने बांधायचे. आमच्या जागेत मुरूम सहा फुटांवर लागला. फुटिंग भरायच्या आधीच अवकाळी पाऊस झाला आणि ईशान्येच्या कोपऱ्यातला खड्डा ढासळला. तो परत उपसताना मजुराच्या फावड्याला एक लाल फडकं लागलं. आत हळदीकुंकू, पाच सुपाऱ्या आणि एक रुपयाचं नाणं. नाणं पाहून मला हसावं की रडावं कळेना. 1990 साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला सरकारने काढलेलं, त्यांचं चित्र असलेलं ते नाणं. आईने ते इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलं होतं.

म्हणजे आईने रात्री कुणाला न सांगता बाबासाहेबांना हळदीकुंकवात गुंडाळून पायव्यात पुरलं होतं.

मी ओरडले. बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. आई काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुह्या बाबाच्या वेळेस आपण काही नाही केलं. ना नवस, ना उतारा. डॉक्टर म्हणे तसं केलं. तरी गेले ना? आता या घरात तुहा भाऊ राहीन, त्याचे लेकरं राहतीन. मले रात्री झोप नाही लागत." याला उत्तर म्हणून समाजशास्त्राच्या एम.ए.त शिकलेलं काहीच मला आठवलं नाही.

पण ही भीती आईच्या मनात आपोआप उगवली नव्हती. ती घरात आणून देणारा माणूस आठवडाभर आधी येऊन गेला होता. दादाच्या ओळखीतून तालुक्याचा एक वास्तुतज्ज्ञ 'नुसतं पाहायला' आला होता. होकायंत्र काढलं, आमच्या जागेवर फिरला आणि मान हलवली. दार दक्षिणेला, दक्षिण ही यमाची दिशा. ईशान्येला मोरी, मोठा दोष. "तुमच्याकडे कर्ता पुरुष लवकर गेला, हो ना?" हे त्याने आईकडे पाहून विचारलं. उपाय होता, अकरा हजारांचा. दादाने चहा पाजून त्याला वाटेला लावलं, पण आईच्या मनातलं ते वाक्य काही परत गेलं नाही.

आता या दक्षिणेचं पाहू. आमच्या वस्तीतली चाळीसेक घरं बहुतेक सगळी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, कारण जाण्यायेण्याचा रस्ता त्याच बाजूला आहे. उत्तरेला नाला. नाल्याच्या काठी कुणाला बसवलं, सखल जागा कुणाला दिली, हे आमच्या आजोबांना विचारून ठरलं नव्हतं. चांडाळ आणि श्वपचांची वस्ती गावाबाहेर असावी हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलेलं आहे. आधी गावाबाहेर नाल्याकाठी बसवायचं, मग दोन हजार वर्षांनी होकायंत्र घेऊन यायचं आणि सांगायचं की तुमच्या घराची दिशा अशुभ आहे, म्हणून तुमची माणसं मरतात. वरून फी तुमच्याकडूनच! माणसं का मरतात ते या वस्तीला विचारा. जिनिंगमधली धूळ, नाल्याचे डास, आणि ऑक्सिजनची खाट मिळवायला लागलेले अकरा तास.

काही शिकलेले मित्र म्हणतात, अगं वास्तुशास्त्र म्हणजे ऊन-वाऱ्याचं शास्त्र, पूर्वजांचा अनुभव. त्यांच्यासाठी मूळ ग्रंथात काय आहे ते सांगते. वराहमिहिराची बृहत्संहिता, सहाव्या शतकातली. तिच्यात वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आजचे वास्तूवाले तिला मोठा आधार मानतात. त्या अध्यायात घराची रुंदी वर्णाप्रमाणे आहे. ब्राह्मणाचं सर्वांत मोठं घर 32 हात, क्षत्रियाचं 28, वैश्याचं 24, शूद्राचं 20. खालची मर्यादा 16 हात, आणि जे अगदीच हीन त्यांचं त्याहून कमी. मातीचंही तसंच. ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. मातीचा वास घ्यायचा, तुपासारखा आला तर ब्राह्मणाची, रक्तासारखा आला तर क्षत्रियाची, अन्नासारखा वैश्याची, दारूसारखा आला तर शूद्राची. चवही वर्णावार सांगितली आहे.

आता मला सांगा, ऊन-वाऱ्याला घरमालकाची जात कधीपासून कळायला लागली? आमच्या मिस्त्रीकडे ओळंबा आहे, गुण्या आहे, पाणी भरलेली लेव्हलची नळी आहे. यातलं एकही साधन मालक कोण म्हणून विचारत नाही. काळी माती वराहमिहिराने शूद्राला शुभ म्हणून दिली. तीच माती भिंती फोडते, हे आमच्याकडचा कुठलाही बेलदार सांगेल. विदर्भात पश्चिमेची भिंत मेमध्ये तव्यासारखी तापते, म्हणून तिकडे खिडकी लहान ठेवायची आणि उत्तर-पूर्वेला मोठी. हे आम्ही केलं. त्याला यम, अग्नी, वरुण यांच्यापैकी कुणाचीही परवानगी लागली नाही.

आजचा वास्तुतज्ज्ञ वर्ण विचारत नाही, हे खरं. अकरा हजार कोणत्याही जातीचे चालतात. त्याने वर्णाचे श्लोक बाजूला ठेवले आणि भीती तेवढी ठेवली, म्हणून आपल्याला वाटतं की हे आता सगळ्यांचं झालं.

आणि हा आजार फक्त आमच्या गल्लीत नाही. तेलंगणात के. चंद्रशेखर राव मुख्यमंत्री असताना हैदराबादचं जुनं सचिवालय पाडून नवं बांधलं गेलं. जुन्याची वास्तू चांगली नाही असं त्यांचं मत, ते वर्तमानपत्रांतून गाजलं होतं. नवी इमारत 30 एप्रिल 2023 रोजी यज्ञ करून उघडली. त्या इमारतीला नाव कुणाचं? डॉ. बी. आर. आंबेडकर यांचं. माझ्या आईने एक नाणं पुरलं म्हणून मी तिच्यावर ओरडले. इथे अख्खं सचिवालय आहे, आणि आपल्यातले कित्येक जण त्याचे फोटो अभिमानाने स्टेटसला लावून मोकळे झाले.

आता विहारातल्या काकांसाठी. काका, तुम्ही दीघनिकाय मानता ना? त्यातलं पहिलंच सुत्त ब्रह्मजाल. त्यात शीलाच्या भागात अशा विद्यांची लांबलचक यादी आहे ज्यांच्यावर काही श्रमण-ब्राह्मण लोकांनी श्रद्धेने दिलेलं अन्न खाऊन वर पोट भरतात, आणि ज्यांच्यापासून श्रमण गोतम दूर राहतो. तथागतांनी त्यांना तिरच्छानविज्जा म्हटलं, म्हणजे हीन विद्या, आणि अशा कमाईला मिथ्या आजीविका. अंग पाहून भविष्य सांगणं, भूत उतरवणं, सापाचे मंत्र यांच्या रांगेत तिथे एक नाव आहे, वत्थुविज्जा. वास्तुविद्या! होकायंत्र घेऊन आलेल्या त्या माणसाची पंचवीसशे वर्षांपूर्वीच नोंद झाली आहे.

मग बुद्धांनी घराबद्दल काहीच सांगितलं नाही का? सांगितलं आहे, आणि मला वाटतं आपण ते वाचतच नाही. आळवीच्या भिक्खूंनी स्वतःसाठी मोठमोठ्या कुट्या बांधायला काढल्या आणि लोकांकडे माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या असा तगादा लावला. लोक इतके कावले की भिक्खू दिसला की वाट बदलायचे, दार लावून घ्यायचे. गाय दिसली तरी भिक्खूच आला समजून पळायचे. (हे विनयात आहे, माझी कल्पना नाही.) त्यावर नियम झाला. कुटी तथागतांच्या वितीने 12 वीत लांब, 7 वीत रुंद. बांधण्याआधी संघाला जागा दाखवायची आणि संघाने दोनच गोष्टी पाहायच्या, तिथे बांधल्याने कुणा जिवाला इजा तर होत नाही ना, आणि कुटीच्या भोवताली फिरायला मोकळी जागा राहते ना.

नियम भिक्खूंसाठी आहे, गृहस्थासाठी नाही, हे मला कळतं. पण घर काढताना काय विचारायचं त्याचा तो नमुना आहे. कुणाला इजा होते? चहूबाजूंनी वाट आहे का? आणि हे घर उभं करायला आपण कुणाला किती पिळतोय?

तिसरा प्रश्न मी आमच्याच अंगणात विचारला आणि उत्तर चांगलं आलं नाही.

कामावर मध्य प्रदेशातून आलेली गोंड कुटुंबं होती. पुरुष खोदाईला आणि सेंट्रिंगला, बाया घमेलं उचलायला, म्हणजे रेजा. वहिनी दिवसातून दोनदा सगळ्यांना चहा द्यायची, मनापासून द्यायची. नवव्या-दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांचे कप वेगळे आहेत. कान तुटलेले पाच-सहा कप टाकीजवळच्या विटांवर पालथे ठेवलेले, तिथेच धुवायचे, तिथेच राहायचे. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, "अहो, सिमेंटाचे हात असतात त्यांचे." खरंच असतात. पण दादाचेही हात रोज सिमेंटाचे असायचे आणि त्याचा कप आतला होता. मिस्त्रीचाही आतला. एक रेजा बाई ओसरीपर्यंत यायची आणि पायरीच्या खाली थांबायची. तिला कुणी थांब म्हटलेलं नव्हतं.

ते बोलणं आईने ऐकलं. आईच्या लहानपणी गावातल्या चहाच्या टपरीवर आपल्या लोकांचे कप छपराच्या वाशाला टांगलेले असायचे, हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलेलं. ती उठली, विटांवरचे कप उचलले आणि नाल्यात फेकले. बोलली काहीच नाही. त्या दिवसापासून कप एक झाले. पायव्यात सुपारी पुरणारी बाई आणि ते कप फेकणारी बाई एकच आहे, हे मी माझ्या भाषणात कुठे बसवू ते मला अजून सुचलेलं नाही.

मजुरीचंही सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल. पुरुषाला 500, रेजाला 350, हा आमच्याकडचा चालू भाव. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 सालीच झाला आणि मी त्यावर बचत गटांत व्याख्यानं देते. तरी आम्ही चालू भावानेच दिले. स्लॅबच्या दिवशी मी भांडून सारखी मजुरी करायला लावली. आधीच्या दिवसांचा फरक मात्र दिला नाही, पैसे संपत आले होते. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची तर 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे भरले तेवढ्या दिवसांचं आम्ही सहीनिशी लिहून दिलं. मिस्त्री म्हणाला, इतक्या वर्षांत असा कागद कुणी दिला नाही. मला विचाराल तर भूमिपूजनाच्या नारळाऐवजी पहिल्या दिवशी मजुरांचं हजेरीपुस्तक उघडावं.

आणि सरकार? ज्यांच्याकडे गृहकर्ज देणारी बँक नाही त्यांच्यासाठी घरकुल आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, शिवाय प्रधानमंत्री आवास. सपाट भागात मूळ अनुदान 1,20,000 रुपये, घर 269 चौरस फुटांचं. वर रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि संडासाचे 12,000. अनुदानाला फुटांनी भागा, चौरस फुटाला 446 रुपये येतात. आमच्या मिस्त्रीचा दर 1,700 होता, आणि तो महागडा मिस्त्री नव्हे. कागदावर 269 ही किमान मर्यादा आहे, मोठं बांधायला मनाई नाही. पण 446 रुपयांत किमान हेच कमाल होऊन बसतं. त्यात मायबाप, लेक, सून, नातवंडं आणि कपाशीची बोंडं. वराहमिहिराच्या 'त्याहून कमी' या मापाची मला इथे आठवण आली तर तो माझा दोष नव्हे.

कामानिमित्त मी हे फॉर्म भरून देते. हप्ता मिळतो तो टप्प्याच्या फोटोवर. पायवा झाला, फोटो. लिंटलपर्यंत आलं, फोटो. फोटो चढला तरी पैसे कधी पडतील ते कुणी सांगत नाही. माणूस जुनं घर पाडून बसलेला असतो, कारण जागा तेवढीच. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढलेली कुटुंबं माझ्या यादीत आहेत. त्यांच्यापैकी एकाने मागच्या वर्षी हप्ता लवकर यावा म्हणून अर्धवट भिंतीला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली टांगली. मी त्याला हसले नाही. जिथे अर्ज कुठे अडकला हे कळायची सोय नाही, तिथे बाहुली टांगणं आणि कार्यालयात चकरा मारणं यात माणसाला फार फरक वाटत नाही. म्हणून प्रतिज्ञांची आठवण करून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी घरकुलवाल्याची बाहुली काढायला जाल तेव्हा त्याचा अर्जाचा नंबर घेऊन पंचायत समितीतही जा. दोन्ही कामं एकाच दिवशी होतात.

बाबासाहेबांनीही घर बांधलं. दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि नाव दिलं राजगृह, बुद्धकाळातल्या मगधाच्या राजधानीचं. त्या घराची आखणी झाली ती ग्रंथांसाठी. आपण त्या घराचे फोटो लावतो, 7 जुलै 2020 ला तिथे तोडफोड झाली तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. मग आपल्या स्वतःच्या नकाशात देवघराची जागा 'वंदनेसाठी' म्हणून ईशान्येलाच का निघते, आणि पुस्तकांचं कपाट जिन्याखाली का जातं? आमच्याही पहिल्या नकाशात तेच होतं. दादाने काढलेला, माझ्यासमोर काढलेला, आणि मी महिनाभर पाहिलंच नाही.

घरात राहायला गेलो तो रविवारच होता. बौद्धाचार्य आले, वंदना झाली. मजूर गावी परतले होते, मिस्त्रीचं कुटुंब तेवढं जेवायला होतं. काकांनी जाताना परत म्हटलंच, "वास्तू छान झाली." मी या वेळी गप्प बसले, कारण आई त्यांना पुस्तकांचं कपाट दाखवत होती. कपाट आता बाहेरच्या खोलीत, दारासमोर आहे. वरच्या फळीवर ते 1990 चं नाणं ठेवलंय. सुपाऱ्यांचं काय झालं ते आई सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही.

जुलैच्या पावसात नैऋत्येच्या कोपऱ्यात स्लॅबला ओल आली. शेजारी लगेच म्हणाले, पाहा, दोष. दोष आहेच. एप्रिलच्या उन्हात स्लॅबवर आळी करून निदान चौदा दिवस पाणी धरायला हवं होतं, आम्ही नवव्या दिवशी सोडलं. वस्तीत पाण्याचा टँकर तीन दिवसांआड येत होता आणि आमच्या स्लॅबवर पाणी ओतताना शेजारच्या बाया गुंड घेऊन उभ्या असायच्या. मिस्त्रीला फोन केलाय, पाऊस उघडला की वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणाला. तोवर त्या कोपऱ्यात खाली गंज ठेवलाय, जुन्या घरातलाच.